न्यू जर्सीतलं प्लेन्सबरो: अमेरिकेतल्या छोट्या उपनगराचा कारभार कसा चालतो?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या छोट्या उपनगरात आपल्यासारखी नगरपालिका असते का, तिचा मेयर कोण निवडतं आणि तिच्या हातात खरंच काही असतं का. सगळ्या अमेरिकेला लागू पडेल असं एक उत्तर नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, त्यामुळे गावांची घडणही वेगळी. म्हणून मी राहते त्या गावाबद्दलच सांगते: न्यू जर्सीतलं प्लेन्सबरो.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांच्या साधारण मध्यावर, मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) हे गाव आहे. क्षेत्रफळ जेमतेम बारा चौरस मैल आणि 2020 च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या 24,084. महाराष्ट्रात एवढ्या वस्तीला नगरपंचायत मिळते. पण इथे स्वतःचं पोलीस खातं आहे, ग्रंथालय आहे, आणि कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे ठरवण्याचा अधिकारही आहे.

गाव तसं तरुण. 1919 साली क्रॅनबरी आणि साउथ ब्रन्सविक या शेजाऱ्यांचे तुकडे काढून ते बनलं. पुढची कित्येक दशकं इथे शेती आणि गाई. वॉकर-गॉर्डन नावाची मोठी डेअरी होती, तिथे 1930 साली पन्नास गाईंचं एकाच वेळी दूध काढणारं फिरतं यंत्र बसवलं होतं. गाई चालत येऊन फिरत्या चकतीवर चढायच्या आणि चक्कर पुरी होईपर्यंत दूध काढून व्हायचं. ते बघायला लांबून माणसं येत. बोर्डन कंपनीच्या जाहिरातीतली एल्सी गाय इथलीच. 1941 मध्ये ट्रकच्या अपघातात ती जबर जखमी झाली आणि तिला इथेच पुरलं. तिच्या नावाचा दगड अजून आहे. डेअरीच्या जमिनीवर आता बंगले आहेत.

1970 साली इथे 1,648 माणसं राहत होती. 1980 मध्ये 5,605, 1990 मध्ये 14,213. शेतं विकली गेली आणि प्रिन्स्टन मेडोज नावाखाली हजारो अपार्टमेंट्स उभी राहिली. फॉक्स रन, डियर क्रीक, फेझंट हॉलो अशी त्यांची नावं. ज्या प्राण्या-पक्ष्यांना हुसकावलं त्यांचीच नावं पाटीवर लावायची पद्धत बिल्डर लोकांत सगळ्या जगभर दिसते. शिवाय प्रिन्स्टन विद्यापीठाने आपल्या जमिनीवर रूट वन या महामार्गालगत फॉरेस्टल सेंटर हा ऑफिसांचा मोठा पट्टा उभा केला. आसपासची बरीच गावं मोठ्या प्लॉटवरचे बंगले सोडून काही बांधू देत नव्हती, तेव्हा प्लेन्सबरोने भाड्याची घरं होऊ दिली. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर भारतातून दोन बॅगा घेऊन आलेले इंजिनियर म्हणूनच इथे येऊन टेकले. आज जिन्यात फोडणीचा वास येतो आणि शनिवारी पार्किंगमध्ये मराठी, तेलुगू, गुजराती सगळं कानावर पडतं, त्याचं मूळ त्या जुन्या नियोजनात आहे.

आता कारभाराबद्दल. न्यू जर्सीत 564 नगरपालिका आहेत. राज्य आपल्या मराठवाड्याच्या साधारण एक तृतीयांश, तरी एवढ्या! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावं फुटून वेगळी होण्याची साथच आली होती. 1894 या एका वर्षात एकट्या बर्गन काउंटीत 26 नवी बरो (बरो हा नगरपालिकेचाच एक प्रकार) निघाली, आणि त्यामागे मोठं कारण होतं शाळांच्या कराचं. तुझ्या शाळेचा खर्च मी का भरू, हा तो वाद. तो अजून मिटलेला नाही. उलट दिशेने जाणारी उदाहरणं मोजकी. आमच्या शेजारच्या प्रिन्स्टनची दोन गावं 1 जानेवारी 2013 ला एक झाली, त्याआधी कितीतरी दशकं नुसती चर्चा चालू होती.

प्लेन्सबरो ही टाउनशिप आहे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा आणखी एक प्रकार. तिची पाच जणांची टाउनशिप कमिटी आहे. वॉर्ड नाहीत, सगळा गाव मिळून पाचही जणांना निवडतो. मुदत तीन वर्षांची, पण सगळ्यांची एकदम संपत नाही. दर नोव्हेंबरला एक किंवा दोन जागांची निवडणूक होते, त्यामुळे एका फटक्यात सगळी कमिटी बदलणं जवळपास अशक्य. मेयरला लोक थेट निवडतच नाहीत. जानेवारीच्या पहिल्या सभेत हे पाच जण आपल्यातल्याच एकाला मेयर करतात, आणि कायद्याने मेयर दरवर्षी नव्याने निवडायचा असतो. प्रत्यक्षात पीटर कॅन्टू हे एकच गृहस्थ अनेक दशकं त्या खुर्चीत होते. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होते आणि डेमोक्रॅट जिंकतात. चुरस कमी. मला विचाराल तर हे फार चांगलं लक्षण नाही, पण गावाचं बरं चाललंय तोवर कुणी फारसं मनावर घेत नाही.

याच कमिटीवर नूरन नबी अनेक वर्षं होते. 1971 च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात लढलेला हा माणूस पुढे अमेरिकेत शास्त्रज्ञ झाला आणि इथे निवडून आला. पाच जणांच्या त्या साध्या टेबलामागे बसून ते वाहतूक आणि बजेटवर बोलत, तेव्हा समोरच्या कितीजणांना त्यांची ही बाजू माहीत असेल, कुणास ठाऊक.

मेयर आणि कमिटीचे सदस्य पूर्णवेळ नसतात. रोजचा कारभार अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बघतो. त्याला आपल्या मुख्याधिकाऱ्यासारखा समजा, फरक एवढाच की तो सरकारने बदली करून पाठवलेला नसतो. कमिटी त्याला नोकरीवर ठेवते आणि कमिटीच काढू शकते. टाउनशिप क्लार्क हे दुसरं महत्त्वाचं पद. सभांची इतिवृत्तं, निवडणुकीची कागदपत्रं, माहितीचे अर्ज हे सगळं तिच्याकडे. आपल्या माहितीच्या अधिकारासारखा इथला कायदा 2002 पासून लागू आहे. साधा अर्ज द्यायचा, कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर यायला हवं. 2024 मध्ये राज्याने तो थोडा आवळला.

पोलिसांचं ऐकून आमच्याकडचे पाहुणे चकित होतात. आपल्याकडे पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. इथे ते गावाचे: पगार, गाड्या, सगळं टाउनशिपच्या बजेटमधून. गावाची हद्द ओलांडली की गाडीवरचं नाव बदलतं.

आता पैसा, कारण खरी गोम तिथेच आहे. न्यू जर्सीतला मालमत्ता कर अमेरिकेत सर्वांत जास्त गणला जातो. 2024 मध्ये राज्यातल्या घरांचं सरासरी वार्षिक बिल दहा हजार डॉलरच्या वर गेलं. बिल टाउनशिपच्या नावाने येतं, वर्षाचे चार हप्ते: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. साहजिकच शिव्या टाउनशिपला बसतात. पण बिल उलगडून पाहिलं तर निम्म्याहून अधिक रक्कम शाळांची असते, एक हिस्सा काउंटीचा, आणि टाउनशिपचा स्वतःचा वाटा त्या मानाने लहान. वर कायदा असा की कुणी कर थकवला तरी शाळा आणि काउंटीला त्यांची पूर्ण रक्कम टाउनशिपने द्यायचीच. म्हणजे वसुली हिची, तूटही हिचीच. 2010 च्या कायद्याने वसुलीच्या रकमेतली वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर रोखली, काही खर्च त्यातून वगळलेले आहेत.

यामुळे गावाचं सगळं राजकारण एका शब्दाभोवती फिरतं: रेटेबल्स. म्हणजे कर देणारी मालमत्ता. ऑफिस आलं तर कर येतो आणि वर्गात एकही मूल वाढत नाही. नोव्हो नॉर्डिस्कचं अमेरिकेतलं मुख्यालय आमच्या गावात आहे, असा करदाता कुठल्याही गावाला हवाच असतो. कुटुंबांची घरं आली की मुलं येतात, मुलं आली की शाळेचा खर्च वाढतो. मोठं हॉस्पिटल 2012 मध्ये प्रिन्स्टनमधून इथे हलवलं. (एका गाजलेल्या टीव्ही मालिकेतल्या काल्पनिक हॉस्पिटलच्या नावात प्लेन्सबरो आधीच होतं. मालिका संपली आणि त्याच आठवड्यात खरं हॉस्पिटल सुरू झालं.) पण ते ना-नफा संस्थेचं, म्हणून त्याला नेहमीचा कर नाही. 2021 पासून राज्याच्या कायद्याने अशी हॉस्पिटलं दर खाटेमागे दिवसाला ठरलेली रक्कम (सुरुवातीला तीन डॉलर) गावाला देतात.

गरिबांना परवडणारी घरं नकोत, असं मात्र गावाला म्हणता येत नाही. माउंट लॉरेल खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच सांगितलं की झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधायचं या नियमांचा, वापर करून कमी उत्पन्नवाल्यांना गावाबाहेर ठेवता येणार नाही. बरीच गावं तेव्हापासून वकील लावून आपल्या वाट्याच्या अशा घरांचा आकडा कमी करून घेण्यात गुंतली आहेत.

गावाची खरी ताकद बघायची असेल तर कमिटीपेक्षा प्लॅनिंग बोर्ड आणि झोनिंग बोर्डाच्या सभेला जा. माझी या बोर्डाशी ओळख एका सर्टिफाइड पत्रामुळे झाली. पोस्टमनने सही घेतली तेव्हा पोटात गोळा आला, सरकारी पत्र म्हटलं की आपलं तसंच. आत एवढंच होतं की मागच्या घरवाल्यांना डेक (घरामागचा लाकडी ओटा) वाढवायचा आहे, तो नियमापेक्षा कुंपणाच्या जास्त जवळ येतो, म्हणून त्यांनी सूट मागितली आहे. सुनावणी अमुक तारखेला. दोनशे फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्या प्रत्येकाला किमान दहा दिवस आधी असं कळवावं लागतं, हा राज्याचा नियम.

उत्सुकता म्हणून गेले. बोर्डावर गावातलेच सात जण. मालकाने हात वर करून शपथ घेतली, मग त्याच्या आर्किटेक्टने. एका डेकसाठी! मोठा नकाशा स्टँडवर लावला. बोर्डातल्या बाईंनी विचारलं, पायऱ्या कुठल्या बाजूला उतरतात? पावसाचं पाणी कुठे जाईल? मग अध्यक्षांनी पब्लिककडे पाहून विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. एक म्हातारे गृहस्थ उठले, त्यांनीही शपथ घेतली आणि सांगितलं की आत्ताच त्यांच्या परसात पाणी तुंबतं. त्यावर अर्धा तास. शेवटी कुंपणालगत झाडांची रांग आणि पाण्याचा निचरा या अटींवर मंजुरी मिळाली. आपल्याकडे आधी गॅलरी बंद करतात आणि मग नोटीस येते का ते बघतात. इथे वेळ आणि वकिलाची फी जाते, पण शेजाऱ्याचं म्हणणं रेकॉर्डवर येतं. टाउनहाउस किंवा काँडो घेतलात तर मात्र टाउनशिपच्या आधी तुमची घरमालकांची असोसिएशन (आपली सोसायटीच) आडवी येईल. दाराचा रंगसुद्धा तीच ठरवते.

शाळांचा कारभार टाउनशिपकडे नाहीच. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा शाळांचा वेगळा जिल्हा आहे आणि गंमत म्हणजे वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत, प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. नऊ जणांचं बोर्ड, पाच त्यांचे, चार आमचे, पक्षाचं चिन्ह नाही. टाउनशिप कमिटीच्या सभेत खुर्च्या रिकाम्या असतात, शाळेच्या बोर्डात विषय पेटला की उभं राहायला जागा नसते. 2015 मध्ये अधीक्षकांनी मुलांवरचा ताण कमी करायला परीक्षा आणि गृहपाठात बदल सुचवले, तेव्हा पालकांत उभी फूट पडली आणि बातमी थेट न्यूयॉर्कच्या पेपरात गेली. आशियाई पालक विरुद्ध गोरे पालक असं चित्र रंगवलं गेलं. माझ्या ओळखीतली मराठी घरं दोन्ही बाजूंना होती.

मतदानाचं काय? नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं असलेली कितीतरी भारतीय कुटुंबं पूर्ण मालमत्ता कर भरतात आणि कमिटीच्या एकाही जागेसाठी मत देऊ शकत नाहीत. पण सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. 1975 च्या कायद्याप्रमाणे सभा खुल्या असतात आणि लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. नाव सांगायचं, राहण्याचा पत्ता सांगायचा, ठरलेल्या मिनिटांत बोलायचं. आपली मंडळी याचा फायदा फार कमी घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र रोज सभा भरते.

रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार करतानाही आधी रस्ता कुणाचा ते बघावं लागतं. आतल्या गल्ल्या टाउनशिपच्या, स्कडर्स मिल रोड काउंटीचा, रूट वन राज्याच्या परिवहन खात्याकडे. चुकीच्या ठिकाणी फोन केलात तर तिथली व्यक्ती अगदी नम्रपणे दुसरा नंबर देते.

आणि तुमचा प्रश्न घर घ्यायच्या विचाराने आला असेल तर पोस्टाच्या पत्त्यावर अजिबात जाऊ नका. आमच्या गावातल्या काही वस्त्यांच्या पत्त्यात प्रिन्स्टन लिहितात, पण त्यांचा कर आणि शाळा प्लेन्सबरोच्या. एजंट प्रिन्स्टन हे नाव जरा जोरात घेतो. प्रत्येक मालमत्तेला ब्लॉक आणि लॉट असे दोन क्रमांक असतात, ते मागून घ्या आणि कराच्या नोंदीत नगरपालिकेच्या रकान्यात काय लिहिलंय ते स्वतः वाचा.