‘हिणकस’ की ‘हलके’? रोमच्या युद्धकालीन नाण्यांविषयी

प्रश्न असा: ‘हॅनिबलशी लढताना रोमने आपले कांस्य नाणे हिणकस केले’ हे वाक्य चालेल का? (हॅनिबल म्हणजे रोमशी लढणारा कार्थेजचा सेनापती.)

चालणार नाही. हीण मिसळून कस उतरवला की नाणे हिणकस होते. रोमच्या कांस्यात तांबे, कथील आणि शिसे आधीपासूनच असे, आणि युद्धात कात्री लागली ती वजनाला. तेव्हा ‘नाणे हलके केले’ किंवा ‘नाण्याचे वजन उतरवले’ म्हणावे.

आस हे रोमनांचे मूळ कांस्य नाणे. सुरुवातीला ते रोमन पौंडाचे, म्हणजे सुमारे ३२४ ग्रॅमचे होते. आपल्या हिशेबाने जवळजवळ २८ तोळे. इ.स.पू. २१८ मध्ये हॅनिबलशी युद्ध पेटले तेव्हा ते २७० ग्रॅमच्या आसपास होते. पुढच्याच वर्षी त्रासिमेने सरोवराकाठी रोमन फौज कापली गेली आणि त्या सुमारास आस निम्म्यावर आला. घसरण तिथेही थांबली नाही. इ.स.पू. २११ च्या सुमारास चांदीचा देनारियस निघाला तेव्हा दहा आसांना एक देनारियस असा भाव होता आणि आसाचे ठरीव वजन दोन उंशिया (उंशिया म्हणजे रोमन पौंडाचा बारावा भाग), म्हणजे साधारण ५४ ग्रॅम उरले होते. नाण्यावरची ‘एक’ची खूण मात्र तीच! ‘मापात पाप’ म्हणायचा मोह होतो, पण इथे मापच सरकारने बदलले होते.

‘हिणकस’ हा शब्द त्याच युद्धातल्या क्वाद्रिगातुससाठी राखून ठेवा. ज्यूपिटरचा चार घोड्यांचा रथ असलेल्या या चांदीच्या नाण्यात पुढे पुढे खरोखरच हीण वाढत गेले. हाच भेद आपल्याकडेही दिसतो. १९४० मध्ये रुपयाचे वजन तोळाभरच राहिले, पण चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. तो रुपया हिणकस. १९४३ चा भोकाचा पैसा कांस्याचाच होता, पण वजनाने आधीच्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी. तो नुसता हलका.

क्रियापदही जपून वापरावे. जड आस ‘पाडलेले’ नाहीत, ‘ओतलेले’ आहेत. पाव किलोच्या चकतीवर हाताच्या हातोड्याने ठसा नीट उमटत नाही, म्हणून दोन अर्ध्या साच्यांत रस ओतत. कडेवर साच्याचा सांधा आणि ओतनळी तोडल्याची खूण दिसते. साचे सरकले असतील तर दोन्ही बाजूंचे काठ एकमेकांवर बसत नाहीत. वजन उतरल्यावर आधी लहान नाणी आणि मग आसही ठशाने पाडता येऊ लागला. म्हणून ‘इ.स.पू. २११ च्या सुमाराचा ओतीव आस’ असे कुठे वाचलेत तर थबका.

वर्णन लिहिताना नुसत्या वजनावरून नाव देऊ नये. जुना अर्धा आस, म्हणजे सेमिस, आणि निम्मा झालेला पूर्ण आस जवळपास सारखेच भरतात. शिवाय ओतीव नाण्यांत एकाच मूल्याची दोन नाणी सहज वीसेक ग्रॅमनी वेगळी निघतात. मुखवटा पाहावा: दोन तोंडांचा जेनस देव आणि उभी रेघ असेल तर आस, सॅटर्न देव आणि ‘एस’ असेल तर सेमिस. त्याखालच्या नाण्यांवर ठिपके मोजावेत. चार ठिपके त्रिएन्सचे, तीन क्वाद्रान्सचे, दोन सेक्स्तान्सचे, एक उंशियाचा. या युद्धकाळात मागच्या बाजूला बहुधा सगळ्यांवरच गलबताची नाळ, म्हणजे पुढचे टोक, असते, त्यामुळे ती बाजू मूल्य ओळखायला कामाची नाही.