वडिलांची तुरुंगातली नोकरी स्मरणिकेत कशी मांडावी?

प्रश्न : आमचे अण्णा वरिष्ठ तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त झाले, त्यांची शेवटची बरीच वर्षे आर्थर रोडला गेली. पुढच्या महिन्यात त्यांचे वर्षश्राद्ध असून त्यानिमित्त घरगुती स्मरणिका काढायची आहे. आईच्या मते तुरुंगाचा विषय एका ओळीत उरकावा, कारण आमची लग्ने जुळवताना त्यावरून तिने बरेच ऐकून घेतले आहे. धाकट्या भावाला मात्र नामचीन कैद्यांची नावे हवी आहेत. अण्णा घरी कामाविषयी अवाक्षर काढत नसत. जेवताना आमटी आधी स्वतः चाखत आणि मगच वाढू देत, आणि आम्हा भावंडांच्या नावाने आलेले पत्र कधीही उघडत नसत, एवढेच ठळक आठवते. इतक्या थोड्या साहित्यावर लेख कसा लिहावा?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : साहित्य थोडे नाही. कैद्यांचे जेवण वाटण्यापूर्वी अधिकाऱ्याने ते पाहावे, चाखावे, असा तुरुंगात शिरस्ता असतो. आणि कैद्यांची येणारी-जाणारी पत्रे वाचून, त्यांत हरकतीचे काही नाही याची खात्री झाल्यावरच ती पुढे जाऊ देणे, हेही तुरुंगाधिकाऱ्याच्याच कामात येते. आमटी चाखण्याची सवय अण्णांनी तिथूनच घरी आणली असावी. पत्रे वाचण्याची मात्र आणली नाही. परक्यांची पत्रे वाचणे ज्याच्या नोकरीचा भाग होता, त्याने घरातल्या पोरांची पाकिटे फोडली नाहीत, एवढे लिहिलेत की ‘कर्तव्यदक्ष’ आणि ‘प्रेमळ’ ही दोन्ही विशेषणे खुशाल गाळता येतील. (स्मरणिकांतून ती इतकी झिजली आहेत की वाचणाऱ्याची नजर त्यांवर ठरतच नाही.)

तुरुंग एका ओळीत उरकू नये, असे मला वाटते. साने गुरुजी मार्गावरच्या या तुरुंगाची अधिकृत क्षमता बरीच वर्षे ८०४ बंद्यांची होती. प्रत्यक्षात तिथे तीन हजारांहून अधिक माणसे कोंबली गेल्याच्या बातम्या मुंबईकरांनी वेळोवेळी वाचलेल्या आहेत, आणि त्यांतले बहुतेक खटल्याची वाट पाहणारे कच्चे कैदी. सकाळी बराकी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना गिनती करायची, आणि ती जुळली नाही तर जुळेपर्यंत पुन्हा करायची. मग घरी पाहुणे येवोत की गणपती बसो. अण्णा कोणत्या सणांना घरी नव्हते, हे आईंना विचारा. बदलीच्या काळात तुमचे शाळाप्रवेश, आजारपणे आणि रेशनच्या रांगा कोणी निभावल्या, हेही त्यातूनच निघेल आणि लेखाचा निम्मा भाग आईंचा होईल.

भावाचा आग्रह मात्र मानू नका. १९९३च्या बॉम्बस्फोटांचा खटला आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात चालला, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. त्या वर्षांत अण्णा तिथे नेमणुकीस असतील, तर तेवढा उल्लेख पुरेसा होईल. त्यापुढे ते कोणाशी काय बोलले, कोण त्यांना वचकून होते, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि ते रचू नये. शिवाय त्या कैद्यांनाही मुलेबाळे आहेत, कित्येक जण पुढे निर्दोषही सुटतात, आणि जे अण्णांनी जन्मभर घराबाहेर ठेवले ते त्यांच्याच वर्षश्राद्धाला छापून काढणे मला बरे वाटत नाही.

नेमणुका आणि बदल्यांचे तपशील सेवापुस्तकात आणि घरातल्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत मिळतील. बाकीचे एखाद्या निवृत्त हवालदाराकडून समजेल, कारण वॉर्डात साहेब कसे वागत, हे बरोबरीच्या अधिकाऱ्यांपेक्षा तो अधिक सांगेल. एक चूक टाळा : खाकी गणवेशामुळे नातेवाईक ‘पोलिसात होते’ असे लिहून देतील, ते तसेच छापू नका. कारागृह विभाग गृह खात्याखालचा खरा, पण पोलीस दलाहून वेगळा आहे.

छापण्याआधी सगळा मजकूर आईंना वाचून दाखवा. लग्नांच्या वेळचे बोल त्यांनी सोसले आहेत, तेव्हा त्याविषयी त्या नको म्हणतील ते वाक्य वाद न घालता काढून टाका.