ओटीजीत चिकन आणि बटाटे सोबत रोस्ट केले की बटाटे कच्चेच राहतात, काय करू?

बटाट्याच्या फोडी आधी मिठाच्या पाण्यात 7-8 मिनिटं उकळून घ्या आणि मगच चिकनसोबत ट्रेमध्ये टाका, कच्चे राहणार नाहीत. लेग पीस 200 डिग्रीवर 40-45 मिनिटांत होऊन जातात, पण बटाटे चिकनखाली दाबून ठेवले तर सुटलेल्या पाण्यात ते भाजत नाहीत, नुसते वाफवतात, म्हणून पीसच्या बाजूला एका थरात पसरवा, गर्दी नको. मी घरी छोट्या ओटीजीत असंच करतो. आपल्या नागपुरात चिकनवाला बहुतेक स्किन काढूनच देतो, तर आधीच सांगून स्किनसकट घ्या, नाहीतर सारखं बटर लावत बसावं लागते आणि तरी कोरडंच होते. सुकी रोझमेरी, थाइम, ठेचलेला लसूण, मिरपूड, मीठ, लिंबू हे सगळं तेलात कालवून 2-3 तास आधी लावून फ्रिजमध्ये ठेवा, लसूण मात्र स्किनच्या आत सरकवा, वर राहिला की जळून कडू होते. कोथिंबीर टाकायची तर शेवटी. (सावजी मसाल्याचा मोह आवरा, त्याला रस्साच पाहिजे.) हे टायमिंग फक्त पीससाठी आहे, अख्खी सव्वा किलोची कोंबडी असेल तर सव्वा तास तरी धरा आणि मांडीच्या हाडाजवळ सुरी टोचून बघा, गुलाबी पाणी आलं तर अजून 10 मिनिटं, थर्मामीटर असेल तर आतमध्ये 74 डिग्री दिसले पाहिजे.