आजोबांचं फेवर-ल्यूबा घड्याळ असली आहे की नकली, हे कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या कपाटातून फेवर-ल्यूबाचं सी चीफ मॉडेल निघालं, चावी दिली की चालतं, पण डायल इतकी कोरीकरकरीत आहे की घरातल्या कुणीतरी ‘डुप्लिकेट’ म्हणून निकाल देऊन टाकला. एवढ्यावरून निकाल लागत नाही.

असली-नकली हा प्रश्न अख्ख्या घड्याळाला एकदम विचारू नका. मशीन, केस (म्हणजे बाहेरची धातूची डबी), डायल, काटे, चावी, प्रत्येकाला वेगळा विचारा. ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईच्या बाजारात होती आणि साठ-सत्तरच्या दशकांत तिची सी चीफ, सी किंग आपल्याकडे भरपूर खपली. डायलवर डाग पडले की लोक ती घड्याळजीकडून रंगवून घ्यायचे. तुमच्या आजोबांनी तसं केलं असेल तर त्यात फसवणूक कसली? फसवणूक होते ती आज पाच घड्याळांचे भाग जुळवून, भडक डायल रंगवून ‘व्हिंटेज’ म्हणून विकतात तेव्हा. परदेशी संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाकं मुरडतात.

डायल आयग्लासखाली, म्हणजे घड्याळजी डोळ्याला लावतात त्या भिंगाखाली बघा. तो नसेल तर मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा करा. कारखान्यातल्या छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात. हाताने रंगवलेल्या डायलवर शाई किंचित फुटते, ‘स्विस’ हा शब्द सहाच्या खाली मधोमध न बसता एका बाजूला कलतो किंवा गायबच असतो, आणि मिनिटांच्या बारीक रेघा तासाच्या पट्ट्यांशी सरळ रेषेत येत नाहीत. काट्यांवर रेडियमचा लेप असेल तर टॉर्च मारून अंधारात न्या. बराच वेळ हिरवागार चमकला तर लेप नंतरचा समजा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लेपात तेवढा दम उरत नाही. तो लेप नखाने खरवडू मात्र नका, त्यात खरोखर रेडियम असू शकतं आणि त्याची पूड नाकातोंडात जाणं वाईट.

खरी साक्ष मशीन देतं. मागचं झाकण घरी चाकूने उघडू नका. जुन्या, जाणत्या घड्याळजीकडे जा आणि आधीच सांगा, “फक्त उघडून दाखवा, काही बदलू नका.” मशीनच्या पट्टीवर कंपनीचं नाव आणि बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) आसपास बारीक कोरलेला कॅलिबर नंबर, म्हणजे मशीनचा मॉडेल नंबर, दिसला पाहिजे. ‘एएस’ अशी खूण दिसली तरी लगेच घाबरू नका. ए. शील्ड ही स्विस कंपनी अनेक नामांकित ब्रँडना मशीनं पुरवायची. झाकणाच्या आतल्या बाजूलाही कंपनीचा ठसा शोधा. तिथेच सुईने खरवडलेले आकडे दिसतील. दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर घड्याळजी स्वतःची खूण करून ठेवायचे. घड्याळ आयुष्यभर वापरात होतं याचा हा चांगला पुरावा.

बिल किंवा गॅरंटी कार्ड नसेल तर त्यावरून काहीच ठरवू नका. त्या काळात स्विस घड्याळं चोरट्या मार्गानेही येत, त्यांना बिल कुठलं? त्यापेक्षा जुने अल्बम चाळा. आजोबांच्या मनगटावर हीच केस दिसली तर फोटोतली डायल आताच्या डायलशी ताडून पाहता येईल.

तोवर पॉलिश करून घेऊ नका, केसच्या मूळ कडा त्यात झिजतात. झाकण उघडल्यावर मशीनचा फोटो इथे टाका, नंबर बघून पुढचं सांगतो.