माझी दोन पुस्तकं झाली. आता गावातल्या लिहिणाऱ्यांसाठी व्याख्यानाशिवाय काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की गावातलं साहित्य मंडळ दर वर्षी शाल-नारळ देऊन बोलावतं, तुम्ही तासभर बोलता आणि घरी येता, आणि आता तेवढ्यावर भागत नाही असं वाटतंय. बरोबर वाटतंय तुम्हाला. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. आमच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-बारा लिहिणारी माणसं जमतात, त्यांच्यात मी चौदा वर्षं बसतोय. लिहिणारे भरपूर आहेत, ऐकवणारे तर विचारूच नका. दुसऱ्याची वही घरी नेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा मात्र सापडत नाही. तुम्ही तो व्हा.

फक्त कसं वाचू नये ते आधी ऐका, कारण तो घोळ मी स्वतः घालून बसलोय.

आमच्याकडे पिठाची गिरणी चालवणाऱ्या एक काकू येऊ लागल्या. दोनशे पानी वही, शिवणीत पीठ साचलेलं, मागच्या पानांवर कुणाची ज्वारी किती किलो त्याचा हिशेब. पुढे कथा. 72 च्या दुष्काळात त्यांची आजी खडी फोडायच्या कामावर होती, सुकडीसाठी रांग लागायची, ते सगळं. मी वही घरी आणली आणि लाल पेन घेऊन बसलो. 'पाण्याला गेलती ती आलीच न्हाई' हे वाक्य मी 'पाण्याला गेली होती ती आलीच नाही' असं करून टाकलं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, अनुस्वार उडवले. चाळीस पानं रंगवली आणि मनात म्हटलं, किती मन लावून काम केलं आपण!

पुढच्या बैठकीला काकू आल्या नाहीत. तिच्या पुढच्याही नाहीत. तीन महिन्यांनी मी दळण घेऊन गिरणीत गेलो, तेव्हा पट्ट्याच्या आवाजात ओरडून विचारलं, येत का नाही? त्या डब्यात पीठ भरता भरता म्हणाल्या, "सर, ती माझी आजी बोलतीया न्हवं, मी न्हाई."

एवढंच. शुद्धलेखनाच्या नियमांची पुस्तिका माझ्या टेबलावर कायम असते, पण आजीच्या तोंडाला ती लावायची नसते हे कथा लिहिणाऱ्या माणसाला गिरणीत जाऊन कळावं लागलं. तेव्हापासून लाल पेन बंद. पेन्सिल घेतो, दुरुस्ती करत नाही, प्रश्न विचारतो: 'इथे कोण बोलतंय?', 'हा माणूस मघाशी गावाला गेला होता, परत कधी आला?' एका पानाला एक प्रश्न, जास्त नाही. शुद्धलेखन अगदी शेवटी, छापायला जाण्याआधी, आणि तेही लेखकाला शेजारी बसवून.

दुसरं काम रुक्ष आहे, पण तुमच्यासारख्या पुस्तकं छापून झालेल्या माणसालाच जमेल असं आहे: नव्या माणसाचा करार वाचून देणं. पहिलं पुस्तक निघतंय या आनंदात लोक कशावरही सही करतात. एका मुलाने मला कागद आणून दाखवला, त्यात 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' असं होतं, आणि छपाईचे पैसे त्याच्याच खिशातून. त्याला काय सांगायचं ते कायद्यात आहे. 1957 चा कॉपीराइट कायदा, कलम 19. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून 'कायमस्वरूपी' हा शब्द खोडायला लावा. अनुवादाचे आणि ऑडिओचे हक्क वेगळे ठेवायला सांगा आणि किती प्रती छापणार तो आकडा लिहून घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, आपल्याकडे सरकारकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणी मागत असेल तर कशाचे ते विचारा. आणि पैसे भरून पुस्तक काढण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघायला सांगा; ती पहिल्या पुस्तकांसाठीच आहे, हे निम्म्या लोकांच्या कानावरच गेलेलं नसतं. तो अर्ज भरायला बसा त्यांच्याबरोबर. व्याख्यानापेक्षा एक संध्याकाळ तिकडे गेलेली बरी.

स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकांचं पुढे काय होतं तेही बघा. दोनशे प्रती नातेवाइकांत वाटल्या जातात, उरलेल्या माळ्यावर. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना (त्यांतलं एक मुंबईत, टाउन हॉलमध्ये) तीस दिवसांत प्रत पाठवायची असते. स्वतःच प्रकाशक झालेल्या माणसाला हे कोण सांगणार? आम्ही आता ती पार्सलं आमच्या गावच्या मंडळातच बांधतो. सुतळी माझी, टपालखर्च लेखकाचा.

मंडळात कोण येत नाही तेही मोजा. 1885 च्या ग्रंथकार सभेचं, म्हणजे आजच्या साहित्य संमेलनाच्या पूर्वजाचं, निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं होतं: जे सगळ्यांना माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसत नाही म्हणून. ते पत्र प्रत्येक मंडळाच्या भिंतीवर लावावं असं माझं मत आहे, आमच्या अध्यक्षांना ते पटत नाही. असो. आमची बैठक पूर्वी संध्याकाळी सहाला असायची. सहाला बायका स्वयंपाकाला लागतात, शेतावरची माणसं धारेला बसतात. मग येणार कोण? पेन्शनर, तेही मराठीचे मास्तर. वेळ दुपारी दोनची केली तेव्हा चार बायका आणि एक एसटीतला मेकॅनिक यायला लागला. या बदलाला खर्च शून्य आला, भांडण मात्र सहा महिने चाललं.

प्रस्तावना तुमच्याकडे मागतीलच. वाचल्याशिवाय लिहू नका, आणि वाचून आवडलं नाही तर तोंडावर सांगा, 'आशादायक' वगैरे लिहून सुटका करून घेऊ नका. मी दोनदा अशी सुटका करून घेतलीय. ती पुस्तकं कपाटात दिसली की अजून नजर चुकवतो.

वाचनालयाचाही विचार करा. तुमच्या गावात ते सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या 'ड' वर्गातलं असेल तर अनुदान तुटपुंजं असतं, ग्रंथपाल एकटाच. त्याला तुमच्याकडची वाचून झालेली पुस्तकं द्या, पण आधी विचारा काय हवंय. जुने अभ्यासक्रम आणि चार-चार प्रती नकोत त्याला.

काकू पुन्हा येतात. कथा अजून पुस्तकात आलेली नाही, पण गेल्या महिन्यात तिसरी वही दिलीय. मागे हिशेब आहेच. पिठामुळे त्या कागदावर पेन्सिल नीट उठत नाही, म्हणून मी प्रश्न वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून पानांत ठेवतो. वही परत येते तेव्हा त्यातल्या दोन-तीन चिठ्ठ्यांवर उलटा प्रश्न लिहिलेला असतो.