पावसाळ्यानंतर बोटीवर राहायला जाताना

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद. चार महिने मांडवीकाठच्या यार्डात उभी असलेली शिडाची बोट ऑक्टोबरात पाण्यात घालायची, सामान चढवायचं आणि दुसऱ्याच दिवशी मालवण गाठायचं, असा तुझा बेत आहे. मालवण दहा दिवस पुढे ढकल. बोट चालून जेवढी बिघडत नाही तेवढी पडून बिघडते, आणि ते बिघाड पाण्यात उतरल्यावर पहिल्या काही रात्रींत डोकं वर काढतात. तेव्हा जवळ यार्ड असलेलं बरं.

जमिनीवर असतानाच प्रत्येक सी-कॉक, म्हणजे बोटीच्या तळातल्या भोकावरचा बंद करायचा नळ, उघडून-मिटून बघ. अडत असेल तर जोर लावू नको, सोडवून ग्रीस लाव. नळीला दोन-दोन क्लिपा हव्यात आणि शेजारी त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधलेली. दीड इंची भोक पाण्याखाली दोन फुटांवर असेल तर मिनिटाला दीडशे-दोनशे लिटर पाणी आत येतं. खुंटी शोधायला वेळ नसतो.

कुंभारीण माशी पावसाळ्यात डिझेलच्या टाकीच्या हवेच्या नळीत मातीचं घर करते. मग इंजिन दहा-पंधरा मिनिटं छान चालतं आणि डिझेल खेचता न आल्याने बंद पडतं. लोक फिल्टर बदलत बसतात. आधी त्या नळीत तार घाल. फिल्टरच्या तळाचं पाणीही काढून टाक: पाणी आणि डिझेल भेटतात तिथे तपकिरी चिकटा धरतो, तो लाटांनी टाकी हलली की वर येतो. इम्पेलरच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राच्या, पाकळ्या एकाच जागी दबून वाकड्या झालेल्या असतात. नवा घाल, बसवताना ग्लिसरीन लाव. जुन्याची एखादी पाकळी गायब असेल तर ती शोधायलाच हवी, ती पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये (इंजिनची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात) अडकलेली सापडेल. अ‍ॅनोड, म्हणजे बोटीच्या बाकी धातूंऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, अर्धे झिजले असतील तर बदल. नदीच्या मचूळ पाण्यात जस्तापेक्षा अ‍ॅल्युमिनियमचे बरे. त्यांना रंग मात्र लावायचा नाही.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीत दर 100 लिटरला 100 मिली बिनवासाचं, 5 टक्क्यांचं ब्लीच घालून चार तास ठेव, मग दोनदा धुऊन काढ. स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लाव. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर थेट बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, जाऊन बसतो. बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज करून, रात्रभर काहीही न जोडता, सकाळी 12.7 दाखवायला हवी. 12.2 दाखवत असेल तर तिच्या भरवशावर फ्रिज चालवू नको.

उतरवण्याआधी बिल्ज स्पंजने अगदी कोरडं कर. पुढे पाणी दिसलं तर ते चाखून नदीचं की पावसाचं हे कळणार नाही. त्या दिवसांत मांडवीचं पाणीही फारसं खारट नसतं. भरती चढत असताना उतरव. उधाणाच्या माथ्यावर बोट रुतली तर पुढच्या उधाणापर्यंत तिथेच. बोट उचलणारे क्रेनचे पट्टे सैल केल्यावर वीस मिनिटं ते सोडवू देऊ नको, यार्डवाले घाई करतीलच. प्रत्येक सी-कॉक आणि शाफ्टची (इंजिनपासून बाहेरच्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची) गळती हाताने तपास. शाफ्टभोवती जुन्या पद्धतीचं, दोरी दाबून भरलेलं पॅकिंग असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडणं ठीक. रबरी बेलोजवालं (भात्यासारख्या घड्यांचं) सील असेल तर ते दाबून आतली हवा काढ, नाहीतर ते कोरडं घासून तापतं.

नांगर टाकताना भरतीची खोली धर. चार मीटर पाणी आणि एक मीटर नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यावरची उंची, म्हणजे पाच. त्याच्या पाचपट, पंचवीस मीटर साखळी सोड. ओहोटीला प्रवाह उलटला की बोट फिरते आणि नांगर उपटू शकतो, म्हणून पहिला पालट जागेपणी बघ. पहिल्या रात्री दर दोन तासांनी गजर लावून बिल्ज पाहा.

खोके बोटीवर आणू नको, पुठ्ठ्यात झुरळांची अंडी येतात. समुद्राची सवय तुझीही मोडली आहे. पहिले दोन-तीन दिवस लाटांत गेलास तर मळमळ होणारच. आणि ऑक्टोबर म्हणजे पाऊस संपला एवढंच, वादळं संपलेली नसतात. 'फयान' चक्रीवादळ 2009 साली 11 नोव्हेंबरला कोकण किनाऱ्यावर आलं होतं. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा रोज बघ.

पहिल्या तीन रात्रींची बिल्जची नोंद वेळेसकट लिहून मला पाठव, मग मालवणचं बोलू.