अक्षर बिघडलं म्हणून आलेली मुलगी

मुलाचं वागणं अचानक बदललंय, अक्षर बिघडलंय, हातातनं वस्तू पडतात, उगाच रडतं, हे लाडाने झालंय का अभ्यासाचं टेन्शन आहे, असं विचारत आईबाबा माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेकदा ते टेन्शनच निघतं. पण या मुलीची गोष्ट मी आता प्रत्येकाला सांगते (ओळख पटेल असे तपशील बदललेत).

मुलगी 9 वर्षांची. शाळेने चिठ्ठी दिली होती की वर्गात वेडीवाकडी तोंडं करते, एका जागी बसत नाही, वही बघवत नाही. आईने दोन वह्या आणल्या होत्या, दिवाळीआधीची आणि आत्ताची फेब्रुवारीतली. पहिलीत अक्षर मोत्यासारखं, दुसरीत ओळ सोडून वर चाललेलं आणि पेन मध्येच फटकन ओढल्यासारखं. घरी हातातनं दुधाचा ग्लास पडला म्हणून बाबांनी एक ठेवून दिली होती, आजीने दृष्ट काढून झाली होती आणि आता कुणीतरी देवऋष्याकडे न्या म्हणत होतं.

मी पहिल्या भेटीत काय केलं तर घरात सहा महिन्यांचा भाऊ आहे हे ऐकलं आणि तिथेच अडकले, म्हटलं बाळामुळे असुरक्षित वाटतंय, चित्रं काढायला दिली, आठ दिवसांनी या म्हणाले. ते आठ दिवस मला अजूनही सलतात.

दुसऱ्या भेटीत ती माझा हात धरून आत आली आणि तेव्हा जाणवलं की तिची पकड एकसारखी राहतच नाहीये, आवळते, सुटते, परत आवळते, गाईची धार काढताना बोटं चालतात ना तशी. जीभ बाहेर काढून धर म्हटलं तर लगेच आत जायची, परत बाहेर, परत आत. ती धरू शकत नव्हती हो, आणि आम्ही सगळे तिला नीट वाग नीट वाग म्हणत होतो. आईला विचारलं झोपेत कशी असते, तर म्हणाली, "झोपली की एकदम शांत, मॅडम, म्हणूनच सासूबाई म्हणतात जागेपणी नाटक करते."

मग विचारलं, गेल्या काही महिन्यांत ताप, घसा? आई आठवून म्हणाली दिवाळीच्या सुमाराला घसा धरला होता, गिळवत नव्हतं, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरी झाली. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान आलं सिडनहॅम कोरिया, म्हणजे हातपाय, चेहरा आपोआप हलत राहणं, जे मुलाला थांबवता येत नाही. 1686 साली थॉमस सिडनहॅम या डॉक्टरने वर्णन केलेला हा आजार, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हरचाच (घशाच्या जंतुसंसर्गानंतर सांधे, हृदय धरणारा आजार) एक चेहरा, शाळकरी वयात आणि मुलींमध्ये जास्त. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर हृदयाची एक झडप थोडी लीक होती.

त्यानंतर आई एकटी आली आणि खुर्चीत बसून नुसती रडली. "घसाच दुखत होता ना, मॅडम, घशाचं मेंदूत कसं गेलं? मी डॉक्टरकडे नेलं नाही म्हणून झालं ना?"

मी तिला तांदूळ निवडण्याचं सांगितलं. पांढरा खडा एकदा दाताखाली आला की पुढच्या वेळी निवडताना आपण धास्तीने चांगले दाणेही खड्यासोबत फेकतो, कारण दोन्ही दिसायला सारखे. घशात येणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या अंगावर एम प्रोटीन असतं, ते आपल्या हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनशी बरंच मिळतंजुळतं. शरीर जंतूला मारायला अँटिबॉडी बनवतं आणि त्यातल्या काही तो जंतू समजून आपल्याच हृदयाला धरतात, आणि काही मेंदूच्या आत हालचालींना लगाम घालणारा जो भाग आहे त्याला. याला मॉलिक्युलर मिमिक्री म्हणतात. जंतू मेंदूत जात नाही, तो शरीरातून कधीच निघून गेलेला असतो, मागे राहतो तो हा ओळखण्यातला घोळ. आणि कोरिया घशानंतर कधी कधी महिन्यांनी दिसतो, म्हणून तिचा एएसओ (स्ट्रेप होऊन गेलाय का ते बघणारी रक्ततपासणी) रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टर निदानावर ठाम होते.

बाबांनी नंतर विचारलं, पुण्यात 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) आलं होतं तसलं का? प्रश्न बरोबर होता. तिथे काही पेशंटमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू सापडला होता, त्याचं बाहेरचं आवरण आपल्या नसांवरच्या घटकांसारखं असतं, म्हणून जुलाब थांबल्यावर पायातली ताकद जाते. जंतू वेगळा, जागा वेगळी, घोळ तोच. सगळेच ऑटोइम्यून आजार (शरीर स्वतःवरच उलटतं असे) असेच होतात असं मात्र नाही, या दोन आजारांत पुरावा भक्कम आहे.

आईच्या अपराधीपणाचं काय? मी खोटं बोलले नाही. घसा स्ट्रेपचा असेल आणि पेनिसिलिनसारखं औषध वेळेत, पूर्ण दिवस घेतलं तर ऱ्हुमॅटिक फीव्हर टळू शकतो, हे खरंय. पण बहुतेक घसेदुखी व्हायरसची असते, नुसतं बघून ओळखता येत नाही आणि स्ट्रेप होऊनही फार थोड्या मुलांना हे होतं, त्यात अनुवंशिकतेचाही भाग असतो. दोन दिवसांत हसतखेळत झालेल्या लेकराला घेऊन कोणती आई परत दवाखान्यात जाते? बाबांना मात्र स्पष्ट सांगितलं की त्या थपडेबद्दल मुलीशी बोला. ते बोलले, तिने मला येऊन सांगितलं, "बाबा सॉरी म्हणाले, ग्लास मी पाडला नव्हता म्हणाले."

शाळेलाही फोन केला, लेखी परीक्षेऐवजी तोंडी घेतली.

हात हळूहळू थांबले, जूनपर्यंत अक्षर ओळीवर आलं. आणि मग आईचा फोन, "आता छान आहे, ते इंजेक्शन बंद करू का? फार दुखतं हो तिला, दोन दिवस नीट बसता येत नाही." बेंझाथिन पेनिसिलिन, दर 21 दिवसांनी, डॉक्टरांनी 25 वर्षांची होईपर्यंत सांगितलंय. मी म्हटलं ताई, बंद नाही करायचं, परत स्ट्रेप झाला तर शरीर तीच चूक परत करेल आणि झडप प्रत्येक वेळी थोडी थोडी जाते, हात सुधारले तशी झडप सुधारेलच असं नाही. दुखण्यावर उपाय आहे का ते डॉक्टरांना विचारू, तारीख चुकवायची नाही.

आता कालनिर्णयवर दर एकविसाव्या दिवसाला गोल ती स्वतःच काढते.